चहाची पन्नास मिनिटं

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये जवळजवळ प्रत्येक टेबलाच्या फळीवर एक वेळापत्रक चिकटवलेलं असतं. स्केचपेननं आखलेलं, पहाटे पाचला सुरू होणारं. पाच ते सात राज्यव्यवस्था, सात ते आठ पेपरवाचन, मग अर्थशास्त्र, भूगोल, इतिहास आणि रात्री अकराला रिव्हिजन. बेरीज केली तर तेरा-चौदा तास भरतात. एमपीएससीची, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची, तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या अशाच एका खोलीत मी काही दिवस टेबल भाड्यानं घेऊन बसत होते. ही वेळापत्रकं वाचण्यात माझा वेळ बरा जायचा. त्यांत जेवणाला अर्धा तास असतो, अंघोळ बहुधा नसतेच, आणि मेसच्या रांगेला, डोकेदुखीला, घरच्या फोनला एकही चौकोन नसतो.

शेजारी बसणाऱ्या सांगोल्याच्या मुलीची फळी मात्र कोरी होती. तिच्याकडे एक शंभरपानी वही होती आणि तीत ती घडून गेलेलंच लिहायची. पुस्तक उघडलं की वेळ, मिटलं की वेळ, उठायचं कारण एका शब्दात: चहा, मेस, झेरॉक्स, फोन, झोप. "टाइमटेबल लिहिताना माणूस लई हुशार असतोय, ताई," ती म्हणाली. "म्हणून मी लिहीतच नाही."

पहिल्या आठवड्याची पानं तिनं मला दाखवली. सकाळी आठला यायची, रात्री नऊला जायची. पुस्तक उघडं असलेला वेळ दिवसाला सहा-साडेसहा तास. चार वाजता "दहा मिनिटांत येऊ" म्हणून निघालेल्या चौघी टपरीवर कट ऑफचा अंदाज बांधत पन्नास मिनिटं उभ्या. टेलिग्रामवरून नोट्स उतरवून घेण्यात रोज पाऊण तास, आणि त्यातल्या बऱ्याचशा फाइली पुन्हा उघडलेल्याही नाहीत. हा चोर सगळ्यांत बेरकी, कारण तो अभ्यासाच्या वेषात येतो.

मानसशास्त्रात यावर एक जुना प्रयोग आहे. कॅनडातल्या रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी 1994 साली तो प्रसिद्ध केला. प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, कधी संपेल? त्यांचा अंदाज सरासरी 34 दिवसांचा होता, लागले 55. सगळंच बिनसलं तर किती दिवस, या प्रश्नाचं सरासरी उत्तरही 49 च्या आत होतं. म्हणजे वाईटातल्या वाईट दिवसाची कल्पना करतानाही आपण स्वतःला सवलत देतो. फळीवरच्या चौदा तासांचा उगम तिथेच आहे. त्याला आळस म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

वहीतली गळती दिसल्यावर ती पहाटे लवकर उठू लागली असेल, असं मला वाटलं होतं. तसं काही नाही. तिनं कामं कमी केली. दोन वर्तमानपत्रांपैकी एक बंद. राज्यव्यवस्थेसाठी लक्ष्मीकांत यांचं पुस्तक ठेवलं, बाकीचे तीन स्रोत मैत्रिणीला देऊन टाकले. टेलिग्राम रविवारी. चारचा चहा ठेवला, पण ती एकटी जाऊ लागली. पहिले काही दिवस त्यावरून रुसवेफुगवेही झाले.

हीच कापाकापी रविवारच्या सराव पेपरात दिसायची. पूर्वपरीक्षेच्या सीसॅटमध्ये, म्हणजे कल चाचणीच्या पेपरात, 80 प्रश्न, 120 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. पण पन्नासेक प्रश्न उताऱ्यांवरचे, त्यामुळे ते दीड मिनिट कागदावरच राहतं. उतारा वाचण्यातच दोन-तीन मिनिटं जातात. शिवाय चूक झाली की प्रश्नाच्या पाव भागाइतके गुण वजा. मात्र हा पेपर आता पात्रतेपुरता आहे: 200 पैकी 33 टक्के, म्हणजे 66 गुण. प्रश्नाला अडीच गुण धरले तर एकही न चुकता 27 प्रश्न पुरतात. हे गणित सगळ्यांना पाठ असतं, तरी हॉलमध्ये हात सुटत नाही. माझ्या डाव्या बाजूचा मुलगा एका गणितावर सहा मिनिटं अडून बसला होता. उत्तर बरोबर आलं आणि तो खूश झाला. शेवटचे पाच निर्णयक्षमतेचे प्रश्न, ज्यांना निगेटिव्ह नसतं, ते त्याचे कोरे राहिले.

तिची पद्धत उलटी. शेवटचे पाच आधी. मग उतारे: चार ओळींत विषय कळला नाही तर समासात फुली मारून पुढे. तत्त्वज्ञानावरच्या उताऱ्यांवर बहुतेक वेळा फुलीच. एका पानाचे प्रश्न झाले की त्यांचे गोल लगेच भरायचे, शेवटी घाईत एक ओळ सरकली तर सगळंच जातं म्हणून. वेळ संपल्यावर तिचे वीस प्रश्न शिल्लक होते आणि ती शांतपणे डबा उघडून बसली.

आयोगाच्या कॅलेंडरवर मात्र कुणाची फुली चालत नाही. 2024 साली 25 ऑगस्टची पूर्वपरीक्षा अगदी तोंडावर पुढे ढकलली गेली. त्याच दिवशी बँकेची आयबीपीएस परीक्षा होती, कृषी सेवेच्या पदांचाही प्रश्न होता, आणि शास्त्री रस्त्यावर मुलं ठाण मांडून बसली होती. त्या दिवसांत तिच्या वहीत कारणाच्या रकान्यात सलग "आंदोलन" लिहिलेलं आहे. परीक्षा झाली 1 डिसेंबरला, म्हणजे चौदा आठवड्यांनी. ज्यांनी मागणी केली त्यांना हवा होता तोच वेळ. पण खोलीभाडं आणि मेस त्या चौदा आठवड्यांचीही द्यावी लागली.

तिनं तेव्हा सातवीच्या एका मुलाची शिकवणी धरली, रोज संध्याकाळी दोन तास. ती अजून चालू आहे. अभ्यासाच्या बेरजेत ते तास ती धरत नाही. सातवीचा इतिहास शिकवताना तुझाही होतोच की, असं मी सुचवून पाहिलं. "तो त्याचा तास आहे, ताई. पैसे घेते मी त्याचे," असं म्हणून तिनं बेरीज पाच तास वीस मिनिटांवर बंद केली.