साडेसहाच्या आत

रविवार. संध्याकाळचे पाच वाजत आलेत. म्हैसूरच्या कुक्करहळ्ळी केरेच्या, म्हणजे तळ्याच्या, फाटकाबाहेर स्कूटर दाटीनं लागल्या आहेत. ऊन कललंय, पण डांबर अजून तापलेलंच. चुरुमुरीवाला पातेल्यात कुरमुरे, कांदा, किसलेलं गाजर आणि तिखट कालवतोय, वर खोबऱ्याच्या तेलाची धार धरतोय. त्याच्याभोवती पोरांचं कोंडाळं. पैसे काढायला तीन खिसे चाचपले जातात. कागदाचा पुडा एकच, खाणारे तिघं.

आत बांधावर झाडांची सावली आहे. मोठी माणसं भराभर चालतात. तळ्याला पूर्ण फेरी म्हणजे पाच किलोमीटरच्या आसपास. पोरं मात्र बसतात. बाकावर, दगडावर, झाडाच्या मुळावर. पाण्यात पेलिकन संथ तरंगताहेत, पलीकडच्या झाडांवर चित्रबलाकांची गर्दी. तिकडे फार कुणाचं लक्ष नाही. एकाच्या मोबाइलवर क्रिकेट चाललंय, चार डोकी त्यात घुसलीत. "मगा, सरक की!" एक पाचवा येतो. बाकावर जागा होते.

पुढे एक मुलगी मैत्रिणीला मुलाखतीचे प्रश्न विचारतेय. उत्तर चुकलं की दोघी हसतात. त्यापलीकडे एक मुलगा एकटाच बसलाय. वही नाही, मोबाइल हातात आहे पण बंद. अर्धा तास तो तसाच आहे. त्याला कुणी काही विचारत नाही. मला ही या जागेची सगळ्यात मोठी श्रीमंती वाटते. घरी असं बसलं तर आई विचारते, वर्गात असं बसलं तर सर विचारतात, आणि कॉफीच्या दुकानात वेटर येऊन उभा राहतो.

तळं 1864 सालचं, शहराबाहेरच्या शेतीला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. आता ते शहराच्या पोटात आलंय. शेजारी मानसगंगोत्री, विद्यापीठाचं आवार. 2011च्या जनगणनेत म्हैसूरची वस्ती नऊ लाखांच्या घरात होती. शिकायला आलेली कितीतरी पोरं इथे हॉस्टेलात किंवा एका खोलीत तिघं-चौघं अशी राहतात. त्यांची बैठकीची खोली म्हणजे हा बांध.

सहा वाजून जातात. पाण्यावरचा उजेड उतरू लागतो. डास येतात. रखवालदाराची शिट्टी बांधावरून पुढेपुढे सरकते.

"अण्णा, पाच मिनिटं!"

"नाही अम्मा. चला, चला."

मुली आधी उठतात. ओढण्या झटकतात, फोन बघतात. मुलं रेंगाळतात, इथून उठली की ती आपापल्या मोहल्ल्यात जातील. तिथे गरडी आहे, आपल्याकडच्या तालमीसारखी. तांबडी माती, मारुतीची तसबीर आणि बाहेर बसायला ओटा. जो कुस्ती खेळत नाही तोही ओट्यावर बसतो, रात्रीपर्यंत. मुलींसाठी असा ओटा मला या शहरात दिसलेला नाही.

2021च्या ऑगस्टमध्ये चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी एका विद्यार्थिनीवर सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर विद्यापीठाचं परिपत्रक निघालं: संध्याकाळी साडेसहानंतर मुलींनी मानसगंगोत्रीत आणि या तळ्याकाठी एकटीनं जाऊ नये. ओरड झाली, परिपत्रक मागे घेतलं गेलं. पण साडेसहा हा आकडा घराघरांत राहिला. आत्ताही माझ्यापुढे चालणारी मुलगी फोनवर तोच सांगतेय: "हो आई, साडेसहाच्या आत."

फाटकाबाहेर धूळ, हॉर्न. कलामंदिर इथून पायी जाण्याच्या अंतरावर. त्याच आवारात रंगायण ही नाट्यसंस्था, 1989पासून. झाडांखाली दिवे लागलेत. चहाचे कप हातोहात फिरताहेत. एक घोळका संवाद पाठ करतोय. एकजण अडखळतो, बाकीचे एका सुरात पुढचं वाक्य सांगतात. इथे मुली आहेत. पुष्कळ आहेत, आणि कुणी घड्याळाकडे बघत नाहीये. उजेड आहे, माणसांचा राबता आहे. शिवाय घरी सांगायला कारण आहे: नाटक आहे. नुसतं बसायचंय, हे कारण मुलींना अजून चालत नाही. ते चाललं पाहिजे.

रंगायणच्या भूमिगीत नाट्यगृहाच्या दारात रांग लागलीय. प्रयोग साडेसहाचा. बांधावर मुलाखतीची तयारी करणाऱ्या दोघी रांगेच्या टोकाशी घुटमळताहेत. एक खिडकीशी जाऊन विचारते, नाटक संपेल कधी? आतला माणूस दोन बोटं वर करतो, दोन तास. दुसरी फोन लावते. "आंटी, जेवण झाकून ठेवाल? नवाच्या आत येतो." पलीकडून बराच वेळ काही बोललं जातं. ती "हो", "हो आंटी", "दोघी आहोत" म्हणत राहते. पहिली घंटा होते. पहिली मुलगी वाट बघत नाही, पैसे पुढे सरकवते आणि म्हणते, "दोन द्या."