चांदीचं पिवळं पाणी

चांदी पांढरी, हे सांगायला मास्तर नको. पोरीच्या पैंजणापासून देवाच्या ताम्हणापर्यंत ती तशीच दिसते. पण हिचेच दहा-वीस नॅनोमीटरचे कण, म्हणजे केसाच्या जाडीत काही हजार ओळीनं बसतील इतके बारीक, पाण्यात असले तर पाणी होतं पिवळंधमक! युरोपातले काचकाम करणारे चौदाव्या शतकापासून चांदीचे क्षार काचेला फासून भट्टीत घालायचे नि चर्चच्या खिडकीतल्या संतांच्या डोक्यामागं सोनेरी वलयं काढायचे. कणबिण कुणाला ठाऊक, रंग उतरतो एवढं ठाऊक, आणि कारागिराला तेवढं पुरतं.

त्याचं असं, की चांदीत इलेक्ट्रॉन मोकाट हिंडत असतात. इवल्याशा कणात त्यांना जागाच केवढी; मग प्रकाशाची लाट आली की सगळे एकदम या काठाकडून त्या काठाकडं हेलकावतात, आणि हा हेलकावा जुळतो तो 400 नॅनोमीटरच्या आसपासच्या जांभळ्या प्रकाशाशी. तेवढा तो गिळला की आपल्या डोळ्याला उरतं पिवळं. गुस्ताव्ह मी नावाच्या जर्मन गृहस्थानं 1908 साली गोल कणांपुरतं याचं गणितही मांडलं.

आता कण हवा तेवढाच कसा वाढवायचा? आधी सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात, बर्फात गार ठेवून, सोडियम बोरोहायड्राइड घालतात. त्यातून निघतं अगदी बारीक बीज. मग हे बीज चांदीच्या ताज्या द्रावणात सोडून क जीवनसत्त्वासारखं मवाळ औषध बेतानं घालायचं, म्हणजे नवी चांदी बीजावरच चढत जाते. इथं हिशेब पंगतीचा, बरं का: पानं जास्त तर प्रत्येकाला घासभर, पानं थोडी तर ताटात ढीग. बीज कमी टाका, कण मोठे होतील. शंभरेक नॅनोमीटरला पोचले की गिळायचा प्रकाश सरकत सरकत निळ्या-हिरव्याकडं जातो आणि पाणी गढूळ दिसू लागतं.

पण खरी गंमत 2001 सालची. अमेरिकेत शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन यांच्या मंडळींनी पिवळं द्रावण साध्या ट्यूबलाइटखाली ठेवलं, तर ते हिरवं होत होत पार निळं झालं! कण गोलाचे चपटे त्रिकोण झाले होते. दिवा मालवला की बदल थांबायचा, लावला की पुन्हा सुरू. तेव्हा चांदीच्या पाण्याचा रंग कुणी विचारला, तर कण केवढा एवढंच सांगू नका. गोल की तिकोनी, हेही सांगा.