सीएसएस फ्रेमवर्कला नोड लागतोच?

‘फ्रेमवर्क वापरायचंय? मग आधी नोड टाका, एनपीएम चालवा, बिल्ड सेट करा.’ वेबसाइट बनवायला शिकणाऱ्या मुलांना हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की पानावर पहिली ओळ उमटण्याआधीच ती एररशी झगडत बसतात. कितीतरी जण तिथेच नाद सोडतात. हे थांबायला हवं.

ब्राउझर सीएसएस थेट वाचतो. बिल्डमधून बाहेर पडते तीही अखेर सीएसएसचीच फाइल. पिको, मिलिग्रॅम, प्युअर ही फ्रेमवर्क ती तयारच देतात. डाउनलोड करा, आपल्या फोल्डरमध्ये ठेवा, हेडमध्ये एक लिंक टॅग लिहा; झालं काम. पिकोची क्लासलेस आवृत्ती घेतलीत तर क्लासही द्यावे लागत नाहीत. फॉर्म, तक्ता, बटण यांचे टॅग नीट लिहिले की पुरे.

मग हा समज आला कुठून? व्हेरिएबल आणि नेस्टिंगसाठी पूर्वी सास वापरावं लागे आणि ते कंपाइल करावं लागे, हे खरं. पण व्हेरिएबल २०१७पर्यंत सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आली, नेस्टिंग २०२३मध्ये. दुसरं कारण टेलविंड. ते तुमच्या फाइली तपासून लागतील तेवढेच क्लास तयार करतं, म्हणून त्याला बिल्ड हवा. त्याची सीडीएन आवृत्ती फक्त डेव्हलपमेंटसाठी आहे, असं त्याच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. पण एका फ्रेमवर्कची अट सगळ्यांवर का लादायची?

‘रंग बदलायचे तर बिल्ड हवाच’ हेही चूक. पिकोनंतर आपली फाइल जोडा आणि तिच्यात व्हेरिएबलला नवी किंमत द्या. मात्र सिलेक्टर पिकोने वापरलाय तोच घ्या. नुसतं रूट लिहिलं तर बदल दिसेलच असं नाही. लोक अडतात ते इथे.

‘बिल्ड नसेल तर साइट मंद होते’ ही भीतीही नको. या फाइली मुळात छोट्या असू शकतात: मिलिग्रॅम जीझिप केल्यावर जेमतेम दोन केबी भरतं.

‘फाइल आपल्या फोल्डरमध्ये ठेवण्यापेक्षा सीडीएनवरून घ्या, ती दुसऱ्या साइटमुळे आधीच कॅशमध्ये असते’ हेही आता खरं नाही: क्रोमने २०२०मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१मध्ये प्रत्येक साइटची कॅश वेगळी केली. सफारीत ती त्याआधीपासूनच वेगळी आहे.

मोठ्या टीमला, शेकडो कंपोनंटच्या ॲपला बिल्ड जरूर लागतो. पण शाळेच्या, वाचनालयाच्या चार पानांना लागत नाही. शिकवणाऱ्यांना विनंती आहे: पहिल्या तासाला एक एचटीएमएल फाइल आणि एक लिंक टॅग एवढंच द्या. एनपीएम नंतर शिकवा.