चहाच्या आधणासोबत जलनेती

कोमट मिठाचे पाणी एका नाकपुडीतून सोडून दुसरीतून बाहेर काढणे म्हणजे जलनेती. हठयोगातील षट्क्रियांमध्ये नेतीचा समावेश आहे. ‘हठप्रदीपिके’त वर्णन आहे ते सुती दोऱ्याच्या सूत्रनेतीचे, घरोघरी रुळला तो पाण्याचा सोपा प्रकार. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला स्थापन केलेल्या कैवल्यधामात या शुद्धिक्रिया शिकवल्या जातात. आज कान-नाक-घसातज्ज्ञही जुनाट सायनस आणि ॲलर्जीच्या सर्दीत औषधांच्या जोडीला नाक धुण्याचा सल्ला देतात.

नाकातला चिकट स्राव धूळ आणि परागकण धरून ठेवतो आणि सूक्ष्म केस तो घशाकडे ढकलत नेतात. धूळ फार झाली की स्राव घट्ट होतो, नाक चोंदते. वसईजवळच्या चिंचोटी-कामण-अंजूरफाटा मार्गावर अवजड वाहनांची रीघ असते. अशा रस्त्यालगतच्या कामणसारख्या गावात दुकान चालवणाऱ्याला किंवा रोज दुचाकीवरून जाणाऱ्याला ही धूळ चुकत नाही. मिठाच्या पाण्याने ती स्रावासकट निघून जाते. मात्र हा ॲलर्जीवरचा कायमचा इलाज नव्हे. त्रास आटोक्यात ठेवण्याचे ते साधन आहे.

प्रमाण सोपे आहे. एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ. म्हणजे पाव लिटरला सव्वादोन ग्रॅम, पाच मिलिलिटरच्या चमच्याने सपाट अर्ध्या चमच्याहून किंचित कमी. एवढ्या मिठाने पाण्याचा खारटपणा रक्ताइतका होतो आणि नाक झोंबत नाही. साधे पाणी मात्र हमखास झोंबते. आयोडीनविरहित स्वच्छ बारीक मीठ उत्तम. वसईच्या मिठागरातले खडे मीठ जवळ आणि स्वस्त असले, तरी त्यात माती आणि इतर क्षार असतात. ते इथे वापरू नये. किलोभर मीठ चारशेहून अधिक वेळा पुरते, त्यामुळे रोज तयार पुडी फोडण्याची गरज नाही. तोटीचे प्लास्टिकचे किंवा स्टीलचे भांडे एकदाच घ्यावे लागते. ते प्रत्येकाचे वेगळे असावे आणि वापरानंतर साबणाने धुऊन कोरडे करावे.

काटकसर पाण्यात करायची नाही. नळ, बोअरवेल, टँकर, पाणी कुठलेही असो, उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे आणि झाकून कोमट करावे. घरातल्या फिल्टरवर विसंबू नये. अमेरिकेतील लुईझियानात २०११ मध्ये नेतीसाठी थेट नळाचे पाणी वापरणाऱ्या दोघांचा ‘नेग्लेरिया फाउलेरी’ या अमिबाच्या संसर्गाने मृत्यू झाला. हा जीव पोटात गेल्यास अपाय करत नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत पोहोचतो. सकाळी चहाचे आधण ठेवताना शेजारच्या शेगडीवर हे पाणी ठेवले, तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. मात्र पाणी कोमट होईपर्यंत थांबावे.

मोरीपाशी किंवा बेसिनवर वाकून मान एका बाजूला कलती करावी. तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा, तोटी वरच्या नाकपुडीला लावावी. पाणी आपसूक खालच्या नाकपुडीतून येते. या वेळी बोलू नये, गिळू नये. अर्धे पाणी संपल्यावर बाजू बदलावी. शेवटी पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच श्वास सोडत उरलेले पाणी काढावे. जोरात शिंकरल्यास पाणी कानाकडे जाऊ शकते. डॉक्टरांनी दिलेला नाकाचा फवारा धुण्याआधी नव्हे, नंतर मारावा.

नाक पूर्ण बंद असताना, कान दुखत असताना, कानाच्या पडद्याला छिद्र असल्यास, वारंवार घोळणा फुटत असल्यास किंवा नाक-कानाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय जलनेती करू नये. लहान मुलांनाही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी. बाकीच्यांनी एवढे एकच पथ्य कटाक्षाने पाळावे: पाणी उकळले नसेल, तर त्या दिवशी नेती नको.