पाणवठ्यावरून आखलेली आफ्रिका

आफ्रिकेची पहिली सफारी बहुधा यादीवरून ठरते. सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या आणि आफ्रिकी रानरेडा हे ‘बिग फाइव्ह’ दिसले की पैसे वसूल, असा तो हिशोब. मुळात ही यादी शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत जास्त जिवावर उठत, त्यांना हे नाव पडले. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला तरी नाव तेच राहिले. पण आफ्रिकेचे वेड लागलेले लोक, म्हणजे तिसऱ्या-चौथ्यांदा जाणारे आणि स्वतः गाडी चालवत फिरणारे, कुठे जातात ते पाहावे. त्यांच्या आवडत्या एतोशात, नामिबियात, रानरेडा नाही. दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवाना यांनी मिळून २००० साली उघडलेल्या क्गालागादी उद्यानात हत्ती, गेंडा आणि रानरेडा हे तिन्ही नाहीत. तरीही तिथल्या छोट्या मुक्कामांच्या खोल्या मिळता मिळत नाहीत. अनुभवी प्रवाशांची यादी कधीच मागे पडलेली असते. माझे म्हणणे एक पाऊल पुढचे आहे: परत जाणाऱ्याने सफारी प्राण्यांवरून आखूच नये, पाण्यावरून आखावी. तशी आखली की मुक्कामाची ठिकाणे कमी होतात, प्रत्येक ठिकाणच्या रात्री वाढतात आणि गाडी स्वतः चालवण्याला खरा अर्थ येतो.

हा विचार मराठी वाचकाला नवा वाटू नये. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणी मोजण्याची रीत आपल्याकडे वनखात्याने रुजवली. उन्हाळ्यात जनावर शोधत फिरण्यापेक्षा पाणी धरून बसावे, हे त्यामागचे साधे गणित. एरवी ताडोबात आपण जिप्सीत असतो; चालक, गाइड आणि वेळेची पाळी हे तिन्ही ठरलेले. पाणवठ्यावर किती थांबायचे हे आपल्या हातात नसते. ताडोबा-अंधारी बफरसह १,७२७ चौरस किलोमीटरचे. दक्षिण आफ्रिकेतले क्रूगर सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचे आणि एतोशा २२,२७० चौरस किलोमीटरचे. या अवाढव्य उद्यानांत खासगी गाडी नेता येते, साधी मोटारसुद्धा. गाडीही आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभर चालतो. स्वतःच्या गाडीने खर्च वाचतो, असे बरेचदा सांगतात. चार जण असतील तर वाचतोही. पण त्याहून मोठी सोय म्हणजे इंजिन बंद करून तीन तास एका जागी बसायची मुभा. ती मुभा घेऊन जो दिवसभर गाडी पळवतच राहतो, त्याने ती घेतली काय आणि न घेतली काय, सारखेच.

एतोशाच्या मधोमध सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचा खारवट, पांढरा, सपाट तळ आहे. त्याच्या दक्षिण काठावर चुनखडकातून येणारे भूजल त्या तळाच्या चिकणमातीशी अडते आणि झऱ्यांच्या रूपाने वर येते. जोडीला बोअरवेलचे पाणवठे आहेत. जून ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत मैलोगणती दुसरे पाणी नसते. त्यामुळे प्राण्यांना या काठावर यावेच लागते, आणि रस्ताही काठाकाठानेच जातो. उन्हे चढू लागली की झेब्रे आणि स्प्रिंगबॉक येतात, दुपारच्या तापात हत्तींचे कळप धुरळा उडवत येतात, आणि हत्ती आले की बाकीच्यांना मागे सरकावे लागते. ओकाउकुएजो कॅम्पच्या दगडी भिंतीलगतच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. अंधार पडल्यावर तिथे काळे गेंडे येतात, आणि ते पाहायला गाडीची किल्लीसुद्धा लागत नाही. हे सारे एकाच दिवशी, एकाच तासात घडत नाही. म्हणून ‘एतोशा एक रात्र’ असे ज्याच्या कार्यक्रमात लिहिलेले असते, त्याला एतोशाचा फार तर एक तुकडा मिळतो. हेच एतोशा जानेवारी ते मार्चमध्ये निराळे होते. खड्ड्याखड्ड्यांत पाणी साठते, जनावरे पांगतात, पाणवठे ओस पडतात. चांगला पाऊस झाला तर पांढऱ्या तळावर उथळ पाणी पसरते आणि फ्लेमिंगो उतरतात. पक्षी पाहणाऱ्याने तेव्हा जरूर जावे. सिंह पाहायला जाणाऱ्याने त्या महिन्यांत गेले तर दोष उद्यानाला देऊ नये.

पाणी जंगलाचा नकाशा किती खोलवर बदलते, याचा धडा क्रूगर सोसून शिकले. १९३० च्या दशकापासून तिथे शेकडो बोअरवेल आणि बंधारे झाले. दुष्काळात जनावरे मरू नयेत हा हेतू चांगलाच होता. पण उत्तरेकडच्या उंच गवताच्या कोरड्या पट्ट्यात बारमाही पाणी आले तसे झेब्रे आणि वाइल्डबीस्ट आले, त्यांच्या मागोमाग सिंह आले, आणि त्या गवतात लपून जगणारे दुर्मीळ रोन हरिण चिरडले गेले. १९८६ च्या सुमारास साडेचारशेच्या घरात असलेली त्यांची संख्या १९९३ पर्यंत पंचेचाळीसवर आली. त्यानंतर कितीतरी पाणवठे मुद्दाम बंद करण्यात आले. याचा जुन्याजाणत्यांना थेट उपयोग आहे: दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा नकाशा आणि त्यावरच्या खुणा विश्वासाने सोबत नेऊ नयेत. ज्या पवनचक्कीखाली मागच्या खेपेला सिंह बसले होते, तिथे आता कोरडे टाके असू शकते. याउलट साबी नदी बारमाही आहे. स्कुकुझा आणि लोअर साबी या कॅम्पांमधला नदीकाठचा रस्ता क्रूगरमध्ये सर्वांत गजबजलेला असतो, तो याच कारणाने. गर्दीला नाके मुरडणारे अनुभवी लोक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गुपचूप त्याच रस्त्यावर सापडतात.

क्गालागादीत तर नद्याच कोरड्या आहेत. औब आणि नोसोब यांची पात्रे वर्षानुवर्षे पाण्यावाचून असतात आणि रस्ते त्या पात्रांतूनच किंवा त्यांच्या कडेने जातात. औबकाठची बोअरवेल पहिल्या महायुद्धाच्या वेळी खोदली गेली, कारण शेजारच्या जर्मन वसाहतीवर चाल करायची झाली तर सैन्याला पाणी हवे होते. लढाईसाठी काढलेल्या पाण्यावर पुढे जनावरे जगली. बोत्सवानात गोष्ट आणखी उलटी. ओकावांगो नदीचा पाऊस पडतो अँगोलाच्या डोंगरांत, आणि ते पाणी इतक्या संथपणे उतरते की त्रिभुज प्रदेशात पुराचा भर जून ते ऑगस्टमध्ये, ऐन कोरड्या हिवाळ्यात येतो. सभोवतालचे रान तहानलेले आणि मध्ये पूर! बोत्सवानातलाच सावुती प्रवाह १९८२ मध्ये आटला तो पंचवीसहून अधिक वर्षे कोरडा राहिला, आणि २०१० च्या सुमारास पुन्हा भरून वाहिला. पुढे तोही ओसरला. एकाच जागी कधी पाणघोडे तर कधी फुफाटा. ‘तेच ते जंगल पुन्हा कशाला?’ असे विचारणाऱ्याला सावुती हे पुरेसे उत्तर आहे.

आता रात्रींचा हिशोब. क्रूगरमध्ये डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे. थांबत थांबत गेले तर सरासरी पंचवीसच पडते. जून-जुलैत कॅम्पचे फाटक सकाळी सहाला उघडते आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होते. खोली सकाळी दहापर्यंत सोडायची, पुढची दुपारी दोननंतर मिळायची. म्हणजे मुक्काम हलवण्याच्या दिवशी एकतर पहाटेच्या अंधारात सामान गाडीत कोंबायचे, नाहीतर पहाटेची फेरी सोडायची. आणि संध्याकाळी अनोळखी भागात, फाटक गाठण्याच्या घाईत, पाणवठ्यापुढून निघून जायचे. प्राणी हिंडतात ते नेमके याच दोन वेळांना. सात रात्री सात कॅम्प केले की सहा दिवसांचे सोनेरी तास प्रवासात जातात. त्याच सात रात्री लोअर साबी आणि सातारा अशा दोनच ठिकाणी वाटल्या, तर हलवाहलवीचा दिवस एकच. (हे सातारा आपले नव्हे. नाव तेवढे जुळते.) क्गालागादीत हे गणित आणखी कडक आहे. त्वी रिव्हिएरेन कॅम्पहून नोसोब कॅम्पला जायला अंतर सुमारे १६० किलोमीटर, पण रेती आणि पन्हाळी पत्र्यासारखा खडबडीत रस्ता यामुळे चार तास तर सहज जातात. शिवाय माटा-माटाच्या नाक्याने नामिबियात उतरायचे असेल तर उद्यानात किमान दोन रात्री राहण्याची अट आहे. मला ही अट फार शहाणपणाची वाटते.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो: एवढे तिकीट काढून, एवढा व्हिसाचा खटाटोप करून जायचे आणि दोनच जागा पाहायच्या? व्हिक्टोरिया धबधबा, केप टाउन, लाल वाळूच्या टेकड्या राहिल्याच की. पहिल्या खेपेसाठी हा आक्षेप रास्त आहे आणि तेव्हा हे सगळे खुशाल पाहावे. पण पुन्हा जाणाऱ्याचे ते पाहून झालेले असते, आणि तरीही सवयीने तो नकाशावर नव्या ठिपक्यांची माळ ओवत बसतो. नामिबियातल्या विंडहुकपासून एतोशाचे फाटक चारशे किलोमीटरहून लांब. असा प्रत्येक ठिपका एक दिवस खातो. परदेशातल्या सुट्टीत पैशापेक्षा दिवस महाग असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गाइडला जे दिसते ते आपल्याला दिसत नाही. हे खरेच आहे. माग काढणे, माकडांच्या ओरडण्यावरून बिबट्या ओळखणे ही वर्षानुवर्षांची विद्या आहे. शिवाय उद्यानांत रस्ता सोडून गाडी घालता येत नाही आणि रात्री बाहेर राहता येत नाही. पण म्हणूनच पाणवठ्याचे महत्त्व वाढते. माग काढायला विद्या लागते. पाण्याशी बसायला धीर पुरतो, आणि तो ज्याचा त्याला आणता येतो. उरलेली उणीव उद्यानाच्या कॅम्पमधून निघणाऱ्या संध्याकाळच्या गाडीने किंवा बंदूकधारी रेंजरसोबतच्या पहाटेच्या पायी फेरीने भरून काढावी. एक दिवस तज्ज्ञाचा, बाकीचे आपले, अशी वाटणी मला पटते. मात्र केनियाच्या मासाई माराला हा युक्तिवाद लावू नये. तिथले कळप पावसामागे फिरतात, वाटा एकमेकींत गुंततात, काळ्या मातीत पावसानंतर गाडी रुतते आणि चालक एकमेकांना खबर देतात. तिथे स्वतः चालवण्याचा हट्ट म्हणजे निव्वळ हौस.

तिसरी शंका सुरक्षिततेची. वन्यप्राण्यांचा धोका गाडीत बसून राहिले, हत्तीला वाट दिली, तर फारसा नसतो. खरा धोका रस्त्याचा. नामिबियाच्या खडीच्या रस्त्यांवर परदेशी पाहुण्यांच्या गाड्या उलटतात त्या वेगाने, आणि अनेक भाडेकरारांत ताशी ऐंशीच्या वर गाडी नेली तर विमा लागू होत नाही. गाडीतले यंत्र वेग नोंदवतच असते. करार वाचावा, दोन स्टेपन्या आहेत का ते मोजावे, हवा भरायचा पंप चालू करून पाहावा, आणि खडीवर व रेतीत चाकांतली हवा किती कमी करायची ते गाडी देणाऱ्याकडूनच विचारून लिहून घ्यावे. सूर्य मावळल्यावर हमरस्त्यावरही चालवू नये. कुडू आणि गाढवे अंधारात रस्त्यावर येतात. सीमा ओलांडायची तर गाडीच्या मालकाचे पत्र हवे. उत्तर नामिबियातून दक्षिणेकडे येताना लाळ-खुरकुतासाठी घातलेले कुंपण लागते, तिथून कच्चे मांस आणता येत नाही. शाकाहाऱ्यांना तेवढा एक नाका सोपा. मलेरियाचे म्हणाल तर क्गालागादीत तो नाही. क्रूगर आणि पावसाळी एतोशासाठी डॉक्टरांशी बोलून गोळ्या घ्याव्यात. जेवणाची काळजी नको. बहुतेक कॅम्पमध्ये स्वयंपाकघर असलेल्या खोल्या मिळतात आणि जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्गमध्ये डाळ, तांदूळ, मसाले सगळे मिळते.

राहिली वेळ. पाणी सर्वांत आटलेले आणि म्हणून पाणवठे सर्वांत गजबजलेले असतात ते सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचे आरक्षण अकरा महिने आधी उघडते, आणि नदीकाठच्या किंवा पाणवठ्यासमोरच्या खोल्या पहिल्या काही दिवसांत संपतात. दिवाळी अंक हातात पडतो तेव्हा पुढच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या त्या आठवड्यांचे आरक्षण नुकतेच उघडलेले असते.