उंचीपलीकडचा खेळाडू ओळखताना

शालेय बास्केटबॉलमध्ये आठवी-नववीच्या मुलांची निवड करताना प्रथम नजर जाते ती उंचीकडे. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असल्याने ते स्वाभाविकही आहे. मात्र, या वयातील उंची फसवी असते. उंचीवाढीचा वेग मुलांमध्ये सरासरी चौदाव्या, तर मुलींमध्ये बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो. काहींची वाढ लवकर होते, काहींची उशिरा. त्यातच शालेय स्पर्धांचे वयोगट १ जानेवारी ही तारीख धरून ठरतात. परिणामी, जानेवारीत जन्मलेल्या मुलाला डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलापेक्षा जवळपास वर्षभराच्या वाढीचा लाभ मिळतो.

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकरसारख्या गावातील खेळाडूला तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी चढण चढावी लागते. पहिल्याच पायरीवर डावललेले मूल पुन्हा मैदानाकडे फिरकेलच, याची शाश्वती नसते. अमेरिकेत १९७८ मध्ये मायकेल जॉर्डनला शाळेच्या मुख्य संघात स्थान मिळाले नव्हते. ते त्याच्याहून उंच वर्गमित्राला मिळाले. मात्र, शाळेच्या दुय्यम संघात त्याचा खेळ सुरू राहिला.

म्हणूनच उंचीसोबत जन्ममहिना आणि वर्षभरातील वाढ यांचीही नोंद ठेवायला हवी. दोन्ही हातांनी ड्रिबलिंग, चेंडू हाती नसतानाची हालचाल आणि चूक झाल्यावर बचावासाठी परतण्याची तत्परता पाहावी. निवड न झालेल्यांचा सराव सुरू ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी घ्यावी. उंची पुढेही वाढू शकते. हुकलेल्या वर्षांचा सराव मात्र सहजी भरून निघत नाही.