हद्दीबाहेरचा कचरा

जोगेश्वरीचं लेणं पाहायला डोंगर चढावा लागत नाही, पायऱ्यांनी खाली उतरावं लागतं. सहाव्या शतकाच्या मध्यावर बुटक्या टेकाडाच्या पोटात कोरलेलं हे शैव मंदिर आसपासच्या जमिनीहून खोलगट आहे. भोवती आणि माथ्यावर वस्ती झाली तसं सांडपाणी आत झिरपायला लागलं. स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे संरक्षित, तरी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. रहिवाशांच्या बेपर्वाईवर बोट ठेवणं सोपं आहे. पण जिथे धड गटार पोचलं नाही, तिथलं पाणी आणखी कुठे जाणार?

पाणी उतार पाहतं. गाडीत भरलेला कचरा मात्र हद्द पाहतो, आणि त्या हद्दीचा माग काढायला जोगेश्वरीइतकी सोयीची जागा नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबईचा कचरा महालक्ष्मीच्या सखल, पाणथळ भागात भराव म्हणून पडत असे. 1896 च्या प्लेगने शहराला आपल्याच घाणीची धास्ती बसली. पालिकेने चेंबूरकडची दलदल घेतली, कुर्ल्याहून तिकडे कचऱ्याची आगगाडी धावू लागली. 1927 मध्ये देवनार सुरू झालं. शहर तेव्हा माहीम-शीवला संपत होतं. पलीकडे साष्टी, म्हणजे दुसऱ्याचा कारभार.

1950 मध्ये बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत, पूर्वेला भांडुपपर्यंत सरकली. 1957 मध्ये ती दहिसर-मुलुंडला पोचली. त्यानंतरची डम्पिंग ग्राउंड नकाशावर बघा: मुलुंडचं साठच्या दशकातलं, गोराईचं 1972 चं. दोन्ही नव्या हद्दीच्या टोकाला, दोन्ही खाडीकाठी. खाजणावर धड शेतसारा मिळत नाही, म्हणून कागदोपत्री ते पडीक. निवट्या आणि चिंबोऱ्या पकडून घर चालवणाऱ्या कोळ्यांना कुणी विचारलं असतं तर पडीक कशाला म्हणायचं हे त्यांनी सांगितलं असतं.

मग शहर कचऱ्यापर्यंत पोचतं. मालाडला चिंचोली बंदरच्या डम्पिंगवर माइंडस्पेसची काचेची ऑफिसं उभी राहिली आणि जमिनीखालून येणाऱ्या वायूंनी संगणकांचे सुटे भाग गंजू लागल्याच्या तक्रारी झाल्या. गोराई 2007 मध्ये बंद झालं, मुलुंड 2018 मध्ये. आता भार मुख्यतः कांजूरमार्गवर आहे, आणि इथे माझी मांडणी थोडी अडखळते, कारण कांजूर हद्दीच्या टोकाला नाही, विक्रोळी आणि भांडुपच्या मधोमध आहे. जमिनीवर टोक उरलं नाही म्हणून शहराने पाण्याकडची कड धरली, असं मी मानतो. ती जागा संरक्षित वन आहे, असा निकाल उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

जोगेश्वरीच्या वाट्याला मात्र डम्पिंगपेक्षा वाहती घाण जास्त आली. 1949 मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, ती शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठीच. योजना चांगली होती आणि आरे तेव्हा हद्दीबाहेरच होतं. पण ओशिवरा नदी त्याच टेकड्यांतून निघते. म्हशींची घाण शहराबाहेर गेली ती नदीच्या उगमाशी जाऊन बसली. पुढे वाटेतले तबेले, कारखाने, झोपड्या आपापली भर घालतात आणि गोरेगाव-जोगेश्वरीच्या मधून हे सगळं मालाडच्या खाडीत उतरतं. एका डोक्याने हद्द आखली, दुसऱ्याने नदी पाहिलीच नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नदीने आपलं जुनं पात्र परत मागितलं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात नालेसफाईची बातमी अधिकच ठळक होते. यंत्रं गाळ उपसून काठावर ढीग लावतात, फोटो छापून येतात. ढीग उचलायला उशीर झाला आणि वळवाची सर आली, तर त्यातला काही पुन्हा पात्रात. जो उचलला जातो, तो टाकण्यासाठी कंत्राटदाराला मुंबईच्या हद्दीबाहेर जागा शोधावी लागते.